येसूची सून भरली

येसू माणसाचं तोंड बघत नसे. तोंडाला काय, लग्नाला जाताना पावडर फासली की झालं, आणि साहेबापुढं उभं राहिलं की कुणाचंही तोंड गरीब होतं. येसू पाय बघायची. मोखाड्याच्या बाजारात समोरून कुणी आलं की तिची नजर आधी खाली जायची आणि त्या माणसाचा निकाल तिथंच लागायचा. कचेरीतले साहेब बुटातून पाय बाहेर काढत नाहीत, म्हणजे आत काय असणार, चहात भिजलेला पाव. जव्हारच्या दुकानदारणींच्या टाचा गुळगुळीत, म्हणजे घरात नळ आणि अंगात आळस. शेजारची पोशी चालताना पाय फतफत आपटायची, म्हणजे बाई पोकळ. असे निकाल येसू दिवसभर लावत असायची आणि तिच्या कोर्टातून आजवर कुणी सुटलेलं नव्हतं.

तिचे स्वतःचे पाय मात्र बघण्यासारखे होते, असं तिचंच म्हणणं. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला तिचा पाडा. विहीर खाली घळीत. होळी सरली की त्या विहिरीच्या तळाशी उतरायचं, वाटीवाटीनं पाणी खरवडायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढायची. लग्न होऊन आल्यापासून येसू ती चढण चढत होती. पोटात मंगेश असताना चढली, ओली बाळंतीण असतानाही चढली. बोटं फाकलेली, टाचेच्या भेगांत नाचणीचा दाणा बसावा एवढी जागा, पोटऱ्या नुसत्या गाठी. त्या भेगांचा तिला दागिन्यासारखा तोरा होता. तोरा मिरवायला माणसाला काहीही पुरतं. नवरा माघ्या घरातच असायचा, पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की येसूपुढं तो कधी पाय पसरून बसला नाही.

अशा बाईच्या घरात चंदना सून म्हणून आली. येसूनं शोधली असती तर आधी पोरीला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण मंगेश भिवंडीला गोदामात कामाला लागला होता. थोडं हिंदी आणि एक मोबाईल हाताशी आल्यावर त्याला आईच्या डोळ्यांची गरज उरली नाही. मोखाड्याला वसतिगृहात राहून बारावीपर्यंत शिकलेली मुलगी त्यानं स्वतःच पसंत केली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. सुनेचे पाय येसूला मांडवात दिसले आणि तिचं तोंड कडू झालं. घोटा वर आलेला, नडगी धारदार, आणि पोटरी म्हणून जी जागा असते तिथं नुसती कातडी. त्यात पोशीनं साऱ्या बायकांत विचारलं, "काय गो येसू, सून आणलीस का कुडाला कारवी आणलीस?"

कुडाच्या भिंतीत भरतात ती बारीक काठी म्हणजे कारवी. बायका हसल्या. हसणाऱ्यांच्या पायांतही काही राम नव्हता, पण हे येसूला तेव्हा सुचलं नाही. वेळेवर न सुचलेलं उत्तर पोटात राहतं आणि मग ते भलत्याच माणसावर बाहेर पडतं. येसूनं ते तीन वर्षं चंदनावर काढलं. 'ए कारवी' ही तिची सुनेला हाक. चंदना हंडा घेऊन चढायला लागली की येसू मागून म्हणायची, "हळू, मोडशील मधेच." पोरगी कामाला मागं हटत नव्हती, उलटून बोलत नव्हती, सासऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवायची. पण येसूच्या कोर्टात असल्या साक्षी चालत नसत. तिथं पोटरी लागायची.

मग चंदनाला दिवस गेले. आता तरी सून भरेल अशी येसूला आशा लागली, तर पोरीचं पोट तेवढं पुढं आलं आणि बाकीचं सगळं होतं तिथंच राहिलं. दर महिन्याला अंगणवाडीत वजन व्हायचं. काट्याचा आकडा जागचा हलायचा नाही आणि अंगणवाडीच्या ताई सगळ्या बायकांसमोर विचारायच्या, "येसूबाई, सुनेला खायला देता की नाही? अंडं तिचं तीच खाते ना?" ताईंचा आवाज मोठा. मागं भिंतीला टेकून पोशी बसलेली. तिला ऐकू जाऊ नये एवढा हळू आवाज ताईंना काढताच येत नव्हता. येसूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येऊन ती सुनेपुढं भाकरी आपटायची. "खा. गावात माझी लाज काढतेस."

एकदा नर्सबाई पाड्यावर येऊन गेल्या. चंदनाला संध्याकाळी घोट्याशी थोडी सूज दिसायला लागली होती, ती त्यांनी पाहिली. म्हणाल्या, शेवटच्या महिन्यांत पायांवर थोडी सूज येते, त्याला घाबरायचं नाही. फार वेळ उभी राहू नको, पाय लोंबकळत ठेवून बसू नको, दुपारी डाव्या कुशीवर पड, पायाखाली गोधडीची गुंडाळी घे. पण तोंड सुजलं, हात सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. चंदनानं मन लावून ऐकलं. येसू तेव्हा नर्सबाईंच्या सँडलकडं बघत होती. टाच उंच होती, म्हणजे बाईला डोंगर ठाऊक नाही. पुढचं येसूनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चंदना दुपारी पाय उंचावर ठेवून पडायला लागली. येसू दारात उभी राहून बघायची. "पाय वर, डोका खाली! वटवाघूळ हायस का तू?" मग माघ्याकडं वळून म्हणायची, "आमच्या वेळंला कोण ठेवत होता पाय गादीवर? भात लावता लावता बाया बाळंत झाल्या." माघ्या मान डोलवायचा. ज्या बायका भात लावता लावता मेल्या त्यांचा पाड्यावर कुणी उल्लेख करत नसे. मेलेल्या माणसाची बढाई मारायला काही जागाच नसते.

वैशाख लागला आणि चंदनाच्या अंगात फरक पडला. आधी चपलेचा पट्टा पायावर रुतला आणि उठलेला वळ सकाळपर्यंत तसाच राहिला. मग घोटा गेला. तीन वर्षं येसूच्या डोळ्यांत खुपणारं ते हाड एका आठवड्यात कुठं बुडालं, कळलंही नाही. नडगी गोल झाली. पावलं फुगून वर आली.

"आत्या, पाय लय जड झालेत," चंदना म्हणाली. "बघा ना, दाबलं तर दुखतंय."

येसूनं बघितलं आणि ती चक्क जमिनीवर बसली. पाय तिनं मांडीवर घेतला. तीन वर्षांत सुनेच्या अंगाला प्रेमानं हात लावायची तिची ही पहिली वेळ. "जड कसला? भरला!" ती म्हणाली. "आंग भरला गो तुझा! आता कशी बाई दिसतेस."

चंदना तिच्याकडं बघतच राहिली. एवढ्या मऊ आवाजात ही बाई बोलू शकते हे तिला ठाऊक नव्हतं.

नंतरच्या वजनाला तर कहर झाला. काट्याचा आकडा टुणकन वर गेला. इतके महिने ज्या आकड्यासाठी ताईंनी अंडी मोजून खाऊ घातली, तो आकडा अखेर समोर आला म्हटल्यावर त्यांना आनंद मावेना. कुपोषणाच्या भागात कमी वजनाला प्रश्न विचारतात, वाढलेल्या वजनाला कोण विचारतो? ताईंनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या बायकांना वाजवायला लावल्या, चंदनाला काट्यावर उभी ठेवून फोटो काढला. "बघा, असं वजन वाढलं पाहिजे! येसूबाई, शाब्बास!" ताई चांगल्या होत्या, मनानं काही वाईट नाही. पण डोक्यात एकच खाच असलेल्या माणसाच्या हाती काटा दिला की असंच व्हायचं. काट्याला काय, मांस असो नाहीतर पाणी, त्याला दोन्ही सारखंच. माणसानं तरी तोंडाकडं बघावं. चंदनाच्या पापण्या सुजल्या होत्या आणि हातातली बांगडी फिरत नव्हती, हे त्या टाळ्यांत कुणी पाहिलं नाही.

येसूनं फक्त पोशीकडं पाहिलं.

त्या दिवसापासून सुनेची कामं बंद. भरलेलं अंग चढणीवर झिजून गेलं तर? हंडे येसू एकटी वाहायला लागली. सुनेनं काय करायचं, तर ओट्यावर बसायचं, पाय खाली सोडून, विहिरीकडं जाणाऱ्या वाटेला दिसतील असे. चंदना सकाळपासून तशी बसायची आणि दुपारपर्यंत पाय आणखी फुगायचे. संध्याकाळी ते बघून येसू समाधानानं मान हलवायची. जेवायला नाचणीची भाकरी आणि वर खारवलेली सुकी मासळी, दोन्ही वेळ, कारण भरली ती मासळीनंच असं येसूनं ठरवून टाकलं होतं. जाणाऱ्या येणाऱ्या बायका थांबायच्या. "काय गो, चंदना भरली की!" कुणी म्हणे मुलगा आहे, कुणी म्हणे जुळी आहेत. पायलीचे पन्नास शहाणे जमले आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. पोशी तेवढी वाट वाकडी करून जायची. येसूला ती जळते आहे असं वाटे, आणि त्या विचारानं हंडा हलका व्हायचा.

"आत्या, डोकं दुखतंय," चंदना एका सकाळी म्हणाली. "आणि डोळ्यांपुढं काजवे चमकतायत."

"काजवे जेठात येतात," येसू म्हणाली. "आता कुठलं?"

"नर्सबाई म्हणाल्या होत्या, असं झालं तर दवाखान्यात या म्हणून."

"ती उंच टाचेची? ती डोंगर चढताना दोनदा बसली. तिचा ऐकून तू निजून राहिलीस म्हणून इतके दिवस कारवी होतीस. माझा ऐकलास नि भरलीस."

चंदनानं नवऱ्याला फोन लावला. मंगेशनं तिकडून सांगितलं, कॅमेरा चालू कर, बघू दे. येसूनं फोन हिसकून घेतला आणि सुनेच्या पायांवर धरला. "बघ! बघ तुझ्या बायकोचं पाय!" गोदामातल्या पंख्याखाली उभा राहून मंगेशनं ते पाहिले आणि म्हणाला, "एक नंबर." चंदना म्हणाली, मला बरं वाटत नाही, तुम्ही या. तो म्हणाला, सुट्टी नाही, आणि आये आहे ना घरात, तिला विचार. बायको स्वतः पसंत करण्याएवढी अक्कल या गड्याला होती. तिच्याकडं बघायला आईचे डोळे उसने चालतील असं मात्र त्याला वाटत होतं.

आता चंदनाच्या जुन्या चपला पायात शिरत नव्हत्या. येसूनं जाहीर केलं, बाजारच्या दिवशी मोखाड्याला जाऊ आणि मोठ्या चपला घेऊ. चपलांचं निमित्त. खरं म्हणजे पाड्यावरच्या लोकांनी बघून झालं होतं, आता बाजारानं बघायचं राहिलं होतं. चंदना लगेच हो म्हणाली. येसूला वाटलं, पोरीला चपलांचा सोस. पोरीच्या मनात एवढंच होतं की दवाखाना मोखाड्यात आहे आणि एकदा का जीप तिथं पोचली की पुढचं बघू.

जीपमध्ये नेमकी पोशी होती. येसूनं सुनेला मुद्दाम तिच्यासमोर बसवली. वळणावळणाला चंदनाचं डोकं मागं आपटत होतं आणि ती डोळे मिटून बसली होती. पोशी पायांकडं बघत होती, मग हातांकडं, मग तोंडाकडं. येसूनं ते पाहिलं आणि खिडकीतून बाहेर बघत हसली.

बाजारात उतरल्यावर चंदना म्हणाली, "आत्या, आधी दवाखान्यात जाऊ."

"आधी चपला."

चपलांच्या पथारीवर विक्रेत्यानं बायकांचा सगळ्यात मोठा जोड काढला. शिरला नाही. येसूला काय आनंद! "अजून मोठा काढ!" ती ओरडली, आजूबाजूच्या चार लोकांनी वळून बघावं म्हणून. त्यानं शेवटी पुरुषांच्या पट्ट्याच्या चपला काढल्या, चंदनाला स्टुलावर बसवलं आणि पट्टा ओढून लावला. मग तो जरा घट्ट होतो म्हणून सोडवला. पट्टा निघाला, पण पट्ट्याची जागा पायावर तशीच राहिली, बोटभर खोल. ती भरून येईना.

पोशी भाजी घ्यायची सोडून मागं येऊन उभी होती. ती खाली बसली आणि तिनं चंदनाच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा तसाच.

"येसू," ती म्हणाली, "हा मांस नाय. हा पाणी हाय. माझी बहीण बुधी अशीच भरली होती. आम्ही गावभर सांगत होतो, बुधी भरली, बुधी भरली. मग झटकं आलं तिला. ती गेली, पोर पोटातच राहिला. हिला आता ने, उभ्या उभ्या ने."

"जळतेस तू," येसू म्हणाली. "तीन वर्षं कारवी म्हणून हसलीस. आता बघवत नाय तुला."

"हां, हसले मी," पोशी म्हणाली. "आता तुझ्यावर रडायची पाळी येऊ नये म्हणून सांगते."

लोक थांबले होते. येसूला आयुष्यात पहिल्यांदा बाजार आपल्याकडं बघतोय असं झालं होतं, आणि नेमकं त्याच वेळी या पोकळ बाईचं ऐकून मान खाली घालायची? तिनं चपला उचलल्या आणि सुनेपुढं आपटल्या. "घाल गो. चल."

चंदना स्टुलावरून उठली. तिनं पाय पुढं केला आणि तो चपलेच्या बाजूला, धुळीत टेकला. तिनं उचलून पुन्हा टेकला, तो या बाजूला पडला. "एवढ्या चपला कशाला मांडल्यात?" ती म्हणाली. "कुठली माझी?"

पुढं एकच जोड होता.

पोशीचं येसूनं ऐकलं नव्हतं, ऐकणारही नव्हती. नर्सबाईंचं, अंगणवाडीचं, नवऱ्याचं, कुणाचंच तिनं कधी ऐकलं नाही. पण जमीन न सापडणारा पाय तिला कळला. घळीच्या वाटेवर असा पाय ज्याचा पडतो तो माणूस हंड्यासकट खाली जातो, हे सांगायला तिला कुणी लागत नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि अंगठा रोवला. अंगठा चिखलात जावा तसा गेला. मग तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडाकडं. ओठ सुजलेले, पापण्या मिटत आलेल्या, आणि त्यांच्या फटीतून पोरगी तिच्याकडं बघायचा प्रयत्न करत होती आणि डोळे तिच्या बाजूला कुठंतरी जात होते.

"आगं आये," येसू म्हणाली.

तिनं सुनेला पाठीवर घेतलं. पाठीवर लाकडाचा भारा घेतात तसं, वाकून, दोन्ही हात मागं धरून. विक्रेता म्हणाला रिक्षा बघतो, पण येसू निघालीसुद्धा. भर बाजारातून, कांद्याच्या पोत्यांवरून, कुणाची टोपली लाथाडत ती धावत सुटली आणि अर्वाच्य शिव्या देत वाट काढत गेली. मागं पोशी, दोघींच्या पिशव्या घेऊन, फतफत पाय आपटत. आयुष्यभर ज्या पायांचा तोरा मिरवला ते पाय त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या कामाला आले. एवढं म्हणावं लागेल.

दवाखान्यात रक्तदाब मोजला आणि डॉक्टर पळायला लागले. इंजेक्शन दिलं आणि लगेच गाडीत घालून जव्हारला पाठवलं. "कधीपासून सूज आहे?" त्यांनी विचारलं होतं. येसू म्हणाली, "महिना झाला असेल, भरतेय." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. येसूनं आजवर जगाकडं ज्या नजरेनं पाहिलं होतं, तीच ती नजर होती. तिला ती लगेच ओळखू आली.

जव्हारच्या रस्त्यावर, एका वळणावर, चंदनाला झटका आला. अंग ताठ झालं, दातखीळ बसली, डोळे वर गेले. दवाखान्यातून सोबत आलेल्या बाईंनी तिला कुशीवर वळवून धरलं आणि येसूला ओरडून सांगितलं, पाय धरा. येसूनं ते धरले. तिनंच ओट्यावर मांडून ठेवलेले ते पाय आता तिच्या हातांत थडथड उडत होते. "हिला काय झाला तर," ती बाईंना म्हणाली, "मना रस्त्यात उतरवा. मी घरी नाय जायची." बाई पोरीचं डोकं सावरत होत्या.

त्याच संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. दिवस भरले नव्हते. ओंजळीत मावेल एवढी, तिला वेगळं काचेत ठेवलं. चंदना शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तोपर्यंत येसू तिच्या पायाशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. मंगेश भिवंडीहून आला, रडला, आणि चहा आणायला बाहेर गेला. ते काम त्याला नीट जमलं.

मग चंदनाच्या अंगातलं पाणी उतरायला लागलं. पापण्या मोकळ्या झाल्या, बांगडी फिरायला लागली. येसू सकाळ-संध्याकाळ पाय बघायची. सुजेखालून आधी बोटं वर आली, मग पावलाच्या शिरा, मग घोटा. ते हाड दिसलं तेव्हा तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हलवून दाखवलं. तिला कशाचं काय कळणार. पण येसूला सांगायला कुणीतरी हवं होतं.

जीभ मात्र होती तशीच राहिली. तेवढं मोठं पाणी पोरीच्या अंगावरून ओसरलं, म्हणून येसू साधुसंत झाली असं कुणी समजू नये. तिनं फक्त कोर्ट तिथंच ठेवलं आणि कायदा बदलला. वॉर्डात कुणाच्या गर्भार लेकीचे पाय सुजलेले दिसले की ही जाऊन अंगठा रोवायची. "कधीपासून हाय? आणि तू काय करत होतीस? डोळं कुठं गहाण टाकलंस?" त्या आया गोंधळून बघायच्या. ज्या अपराधासाठी ती त्यांना झोडपत होती तो तिनं स्वतः साग्रसंगीत, टाळ्यांच्या गजरात केला होता, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत! नर्सनं एकदा तिला हाताला धरून खाटेपाशी आणून बसवलं.

काही आठवड्यांनी एका दुपारी पोशी भेटायला आली. येताना भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन आली. चंदना उशीला टेकून बसली होती, पहिल्यासारखी बारीक, आणि तिच्या छातीशी फडक्यात बांधलेली मुलगी. मुलगी काचेतून बाहेर आली होती. पोशीनं आधी चंदनाच्या तोंडावरून हात फिरवला, मग येसूकडं पाहिलं. येसूनं तिच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं आणि बस म्हणून खाटेवर जागा केली. तेवढ्यावर दोघींचं भागलं.

"बरी दिसतेस," पोशी चंदनाला म्हणाली. "जरा खा आता. हे काय, परत कारवी झालीस." आणि जीभ चावली.

चंदना हसली नाही, रागावलीही नाही. ती मुलीच्या पायावरचं फडकं सारखं करत होती.

"मावशी, तीन वर्षं मी या घरात आहे," ती म्हणाली. पोशीशी बोलत होती, पण आवाज येसूला जाईल एवढा होता. "तीन वर्षांत आत्यांनी माझ्याकडं एकदाच चांगल्या नजरेनं बघितलं. माझा पाय मांडीवर घेतला. मला इतकं बरं वाटलं, की दुखतंय हे मी चार दिवस सांगितलंच नाही. तेव्हा मी मरत होते."

पोशीनं मान फिरवली. येसू भाकरीचा तुकडा मोडत होती, तो तिनं तसाच हातात धरला.

"होय," ती म्हणाली. "लय चांगली दिसत होतीस."